वाळवंटाला आग लागते तरी कशी?

दोस्तांनो, एक साधा प्रश्न. आग लागायला काय काय हवं?

तुम्ही पटकन म्हणाल, "सोपं आहे! जळण हवं, हवा हवी आणि एक ठिणगी हवी." शाब्बास! मग आता दुसरा प्रश्न. वाळवंटात जळण कुठलं? वाळू पेटत नाही. दगड पेटत नाहीत. मग वाळवंटाला आग कशी लागेल?

पण लागते बरं का! अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात जून २०२० मध्ये एका आगीने सुमारे ७८० चौरस किलोमीटर मुलूख जाळून टाकला. आपल्या अख्ख्या बृहन्मुंबईपेक्षाही मोठा! 'बुश फायर' या नावाने ती आग ओळखली जाते. तिची सुरुवात कशी झाली असेल? रस्त्याच्या कडेला एका गाडीने पेट घेतला, तिथून. आणि जे जळालं, त्यात वाळवंटातल्या निवडुंगांचं रानच्या रान होतं.

हे कोडं सोडवायचं, तर आधी त्या वाळवंटाची ओळख करून घ्यायला हवी. चला तर मग!

काट्यांचं रान

वाळवंट म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग येते. सोनोरन वाळवंट तसं नाही. ते अमेरिकेच्या ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या राज्यांत आणि शेजारच्या मेक्सिको देशात पसरलेलं आहे. इथल्या टूसॉन शहरात वर्षभरात साधारण २७० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात जुलै महिन्यात याहून जास्त पाऊस काही दिवसांतच पडून जातो! पण एवढ्याशा पावसावर इथे काटेरी झाडाझुडपांचं एक नवलाचं जग उभं आहे.

या जगाचा राजा म्हणजे सवारो. (त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'जी' हे अक्षर आहे, पण उच्चारात ते गायब!) हा खांबासारखा उभा वाढणारा निवडुंग. काउबॉयच्या चित्रांत हात वर केलेला एक हिरवा निवडुंग असतो ना, तोच हा. पूर्ण वाढलेला सवारो बारा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढा उंच होऊ शकतो. त्याच्या अंगावर उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला, की तो पाणी पिऊन फुगतो आणि चुण्या उलगडतात. उन्हाळ्यात तो साठवलेलं पाणी पुरवून पुरवून वापरतो आणि पुन्हा बारीक होतो.

पण वाढीच्या बाबतीत हा राजा भारीच संथ. दहा वर्षांचा सवारो केवढा असतो, ठाऊक आहे? तुमच्या अंगठ्याएवढा! लहानपणी तो एखाद्या झाडाच्या सावलीत, त्याच्या आडोशाने वाढतो. पहिला 'हात' फुटायला पन्नास ते पंच्याहत्तर वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. आयुष्य मात्र दीडशे वर्षांचं, कधी त्याहून मोठं. म्हणजे आज उभा असलेला एखादा थोरला सवारो तुमच्या पणजोबांच्याही आधी जन्मलेला असू शकतो.

त्याच्या अंगाखांद्यावर किती जणांचे संसार चालतात! सुतार पक्षी त्याच्या खोडात ढोली कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोलीत चिमणीएवढं घुबड राहायला येतं. त्याची पांढरी फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांतला मध प्यायला येतात. या भागात पूर्वापार राहणारे तोहोनो ओओधाम लोक म्हणजे 'वाळवंटाचे लोक'. उन्हाळ्यात सवारोची फळं पिकली, की ते लांब काठीने ती उतरवतात. याच सुगीने त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. सवारो म्हणजे झाड नव्हे, तीही माणसंच, असं ते मानतात.

या राजावरच आज संकट आलं आहे.

ऊन म्हणजे किती ऊन?

चंद्रपूर-नागपूरच्या मित्रांना कडक उन्हाचं नवल नाही. मे महिन्यात ४५-४६ अंश म्हणजे काय, हे त्यांना नीट ठाऊक आहे. आपल्या राजस्थानात फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. ॲरिझोनातही तशीच तऱ्हा. तिथल्या फीनिक्स शहरात २६ जून १९९० रोजी ५० अंश सेल्सिअस तापमान होतं.

पण एक दिवस कसाही निघतो हो. रोज रोज तेच झालं तर? २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. १९ जुलैला तर कहर झाला. रात्रभरात तापमान ३६ अंशांच्या खाली उतरलंच नाही! डांबरी रस्ते सत्तर अंशांच्याही वर तापतात. त्यावर पडलेल्या माणसांना भाजून इस्पितळात न्यावं लागतं. फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येतं, तिथे त्या एका वर्षात उष्म्यामुळे ६४५ माणसं दगावली.

आणि सवारो? तोही थकला. आपण दिवसा काम करतो आणि रात्री झोपतो. सवारोचं उलटं असतं. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपल्या कातडीवरची बारीक छिद्रं मिटून घेतो. रात्री गारवा आला, की ती उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतो. पण रात्रच गार झाली नाही तर? त्याचा श्वास कोंडल्यासारखं होतं. २०२३ च्या त्या उन्हाळ्यात फीनिक्समधले काही सवारो हात गळून पडले, काही मुळापासून कोसळले.

कोरडी हवा, खवळलेला वारा

नुसत्या उन्हाने आग लागत नाही. तिला मदतीला दोन जण लागतात. पहिला कोरडेपणा आणि दुसरा वारा.

हवेत किती बाष्प आहे, ते टक्क्यांत मोजतात. पावसाळ्यात मुंबईची हवा ८५-९० टक्के दमट असते. म्हणून तर कपडे वाळता वाळत नाहीत आणि शाळेत ओलाच गणवेश घालून जावं लागतं! ॲरिझोनात जूनच्या दुपारी हा आकडा दहा-बारा टक्क्यांवर येतो. अशी हवा म्हणजे तहानलेला टीपकागद. मातीतलं, पानांतलं, काड्यांतलं पाणी ती शोषून घेते. तुमच्या अंगातलंसुद्धा! घाम येतो, पण तो इतक्या झटपट उडतो, की आपल्याला घाम आला हे कळतही नाही. तहान लागेपर्यंत शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं.

आता वारा. तो आगीला हवा पुरवतो, ज्वाळा पुढच्या काडीवर वाकवतो आणि ठिणग्या उचलून लांब नेऊन टाकतो. बंबवाल्यांनी एका ठिकाणी आग आडवावी, तर ती त्यांच्या पाठीमागे पेटलेली!

जूनच्या अखेरीस या प्रदेशात ढग येऊ लागतात. गंमत म्हणजे तिथेही त्याला 'मॉन्सून'च म्हणतात! पण सुरुवातीचे ढग फसवे असतात. पाऊस पडायला लागतो, पण खालची हवा इतकी कोरडी, की जमिनीवर पोचण्याआधीच थेंब हवेत विरून जातात. विजा मात्र खाली पोचतात. पाऊस नाही, नुसती वीज! आणखी एक गोष्ट घडते. थेंबांचं बाष्प होताना हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं ना, तसंच. गार हवा जड असते. ती धबधब्यासारखी खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी दिशांना सुसाट पसरते. अशाच वाऱ्याने ५ जुलै २०११ रोजी फीनिक्सवर धुळीची दीड किलोमीटर उंच भिंत चालून आली होती. अशा धुळीच्या वादळाला 'हबूब' म्हणतात. शब्द मूळचा अरबी आहे.

लाल बावटा लागला!

ऊन, कोरडेपणा आणि वारा हे तिघे एकत्र आले, की अमेरिकेची हवामान सेवा लोकांना सावध करते. या इशाऱ्याचं नाव आहे 'रेड फ्लॅग वॉर्निंग', म्हणजेच धोक्याचा लाल बावटा. प्रत्येक प्रदेशाचे हिशेब थोडे वेगळे असतात. साधारणपणे हवेतलं बाष्प १५ टक्क्यांच्या खाली, ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा वारा काही तास टिकणारा आणि रान वाळून कोळ झालेलं, असं जमून आलं, की बावटा लागलाच म्हणून समजा.

लाल बावटा म्हणजे आग लागली असं नव्हे. आज ठिणगी पडली, तर ती आवरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी शेकोटी नाही, फटाके नाहीत, उघड्यावर वेल्डिंग नाही. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करायची नाही, कारण गाडीच्या पोटाखालचा धुराचा पाइप चांगलाच तापलेला असतो. गाडीमागे लोंबणारी साखळी रस्त्यावर घासली, तरी ठिणग्या उडतात!

ऐकायला हे फार वाटतं, नाही? मग ही गोष्ट ऐका. एप्रिल २०१७ मध्ये टूसॉनच्या दक्षिणेला एका गृहस्थाने घरच्या आनंदाचा समारंभ योजला. होणारं बाळ मुलगा की मुलगी, हे रंगीत धुराने जाहीर करायचं होतं. त्यासाठी स्फोट होणारं एक निशाण ठेवलं आणि त्यावर बंदूक झाडली. धूर निघाला, पण वाळलेल्या गवतानेही पेट घेतला. त्या दिवशी वाराही जोराचा होता. सुमारे १९० चौरस किलोमीटर रान जळून गेलं आणि त्या गृहस्थाला ऐंशी लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायचा हुकूम झाला. एका क्षणाची गंमत!

होळी आणि मोकळी जागा

आता आपल्या मूळ कोड्याकडे येऊ या. ऊन, वारा, विजा हे सारं सोनोरनमध्ये हजारो वर्षांपासून आहे. मग सवारो हजारो वर्षं जळले कसे नाहीत?

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे! होळी रचताना आपण काय करतो? लाकडं आणि गोवऱ्या एकमेकांना भिडवून रचतो. एक पेटलं, की दुसरं पेटतं. पण हीच लाकडं मैदानात चार-चार हातांवर एकेक अशी मांडून ठेवली तर? एक पेटेल आणि जळून विझेल. शेजारच्याला आच लागेल, पण आग पोचणार नाही.

सोनोरनचं अगदी असंच होतं. एक निवडुंग, मग थोडी उघडी माती, मग एक झुडूप, पुन्हा उघडी माती. वीज पडायची, एखादं झाड पेटायचं आणि आग तिथेच संपायची. आपल्याला जी जागा ओसाड वाटते, तीच वाळवंटाची ढाल होती. आणि आग फारशी येतच नव्हती, म्हणून सवारोने तिच्याशी लढायची काही तयारीच केली नाही. जाड साल नाही, जळाल्यावर मुळापासून फुटायची सोय नाही.

ती मोकळी जागा आता भरली आहे. कशाने? एका गवताने. आणि ते गवत तुमच्या चांगलं ओळखीचं निघेल!

आपलं अंजन, त्यांचं संकट

तिकडे त्याला 'बफेलग्रास' म्हणतात. आपल्याकडे त्याचं नाव अंजन गवत. आफ्रिकेत आणि आपल्या थरच्या वाळवंटात ते मूळचंच आहे. कमी पाण्यावर तगतं, गाई-मेंढ्या आवडीने खातात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे 'काझरी'ने, चाऱ्यासाठी त्याचे सुधारित वाणसुद्धा काढले आहेत. थोडक्यात, आपल्याकडे गुणी बाळ!

१९३० च्या दशकात अमेरिकेतही दुष्काळ होता. माती वाऱ्याबरोबर उडून चालली होती. मातीही धरून ठेवेल आणि गुरांना चाराही होईल, म्हणून हे गवत आफ्रिकेतून आणलं गेलं आणि ॲरिझोनात लावून पाहिलं गेलं. हेतू वाईट नव्हता. पण गवत कुंपणात राहिलं नाही. त्याची केसाळ, हलकी बोंडं वाऱ्यावर उडाली, कुसळासारखी कपड्यांना आणि जनावरांना चिकटली, गाड्यांबरोबर रस्त्यांच्या कडेकडेने पसरली आणि डोंगरउतारांवर जाऊन बसली. तिथे त्याला खाणारं, कापणारं कोणी नव्हतं. सवारोच्या पायाशी जिथे उघडी माती होती, तिथे आता गुडघाभर, कमरेएवढं वाळकं गवत उभं राहिलं. म्हणजे लांब लांब मांडलेल्या लाकडांमध्ये कोणीतरी पेंढा भरून ठेवावा, तसं झालं की!

त्यातही वाईट गोष्ट अशी, की आगीने या गवताचं फारसं बिघडत नाही. वरची पाती जळतात, बुडखा जिवंत राहतो आणि पाऊस पडला, की ते पुन्हा तरारून उठतं. शेजारची झाडं मेलेली असतात, म्हणून आणखी जागा मिळते. जास्त गवत, जास्त आग. जास्त आग, आणखी गवत! सवारो मात्र लगेच पडत नाही. भाजलेला सवारो काही वर्षं हिरवा उभा दिसतो. लोकांना वाटतं, वाचला. मग एक दिवस तो आडवा होतो. त्याच्या जागी आज रोप लावलं, तर त्याला पहिला हात फुटलेला पाहायला तुमची नातवंडं यावी लागतील.

तेव्हा, परक्या गवताला शिव्या द्यायच्या का? थांबा! आपल्याकडे माळावर वेडी बाभूळ पाहिली आहे ना? काटेरी, हटता हटत नाही ती. ती मूळची मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतली. एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी आणि उजाड माळ हिरवे करण्यासाठी ती भारतात आणली गेली. सोनोरनमध्ये सवारोच्या पिल्लांना सावली देणारं मेस्क्वीट नावाचं झाड आहे, ते या बाभळीचं अगदी जवळचं नातलग! म्हणजे इकडचं गुणी बाळ तिकडे गेलं आणि दांडगट झालं, तिकडचं इकडे आलं आणि वेडं ठरलं. दोष झाडाचा नसतो. कोणती वस्तू कुठे नेऊन ठेवायची, हे ठरवणारे आपण.

एकोणीस जण

आग विझवणाऱ्यांची आठवण केल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही.

ॲरिझोनात यार्नेल नावाचं छोटं गाव आहे. सोनोरन वाळवंट संपून डोंगर सुरू होतात, त्या बाजूला. २८ जून २०१३ रोजी तिथे वीज पडून डोंगरावरच्या झुडपांना आग लागली. ती विझवायला प्रेस्कॉट शहराची 'ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स' ही तुकडी आली. बंब पोचत नाहीत तिथे हे जवान पायी जातात, कुदळी-करवतींनी झुडपं तोडून उघड्या मातीचा पट्टा काढतात. पाण्याने नव्हे, तर मोकळ्या जागेने आग आडवतात! वाळवंटाची जुनी युक्तीच ती.

३० जूनला दुपारी जवळच ढग जमले. मघाशी सांगितला ना, तसा गार हवेचा लोंढा खाली आला आणि वाऱ्याने दिशाच फिरवली. दूर चाललेली आग वळली आणि झपाट्याने जवानांवर आली. तुकडीतले एकोणीस जण त्यात गेले. बहुतेक विशीतले होते. टेहळणीला दुसरीकडे थांबलेला एक जण तेवढा वाचला. २०१६ मध्ये तिथे त्यांच्या स्मरणार्थ उद्यान उभं राहिलं. डोंगर चढताना वाटेत एकोणीस फलक लागतात. प्रत्येकासाठी एक.

म्हणून तर लाल बावटा लागल्यावर शेकोटी पेटवू नका म्हणतात, दोस्तांनो. आपली ठिणगी विझवायला दुसऱ्या कुणाला तरी जावं लागतं.

पहार घेऊन निघालेली फौज

मग आता उपाय काय? ऊन तर कोणी थांबवू शकत नाही. पृथ्वी तापते आहे, ती कमी तापावी म्हणून साऱ्या जगाला मिळून झटावं लागेल. वारा बांधून ठेवता येत नाही. वीज आवरता येत नाही. पण गवत उपटता येतं!

टूसॉनच्या आसपास नेमकं हेच चालतं. २००५ मध्ये ॲरिझोनाने बफेलग्रासला घातक तण ठरवलं. सुटीच्या सकाळी स्वयंसेवक हातमोजे चढवून, पाण्याच्या बाटल्या घेऊन डोंगरावर जातात. त्यांत विद्यार्थी असतात, तसे आजी-आजोबाही असतात. गवताचा बुडखा इतका चिवट, की हाताने हलत नाही. खाली लोखंडी पहार खुपसून तो उचकटावा लागतो. बी सांडू नये म्हणून गवत पिशव्यांत भरून न्यायचं. तरीही काही बी मातीत राहतंच. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच यायचं. उंच कड्यांवर माणूस पोचत नाही. तिथे पावसाळ्यात गवत हिरवं असताना तणनाशक फवारतात.

एका सकाळी किती गवत निघणार? डोंगर तर केवढा! पण लक्षात आहे ना, त्यांना अख्खा डोंगर साफ करायचा नाही. एका सवारोच्या पायाशी चार हात उघडी माती परत द्यायची आहे. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. तेवढ्या मोकळ्या जागेत आग थांबते.

करून पाहा

दोन सारखे रुमाल सारखेच भिजवून पिळा. एक बंद न्हाणीघरात वाळत घाला, दुसरा वाऱ्याच्या खिडकीत, पण सावलीत. दर पंधरा मिनिटांनी हात लावून पाहा आणि कोणता आधी वाळला, ते वहीत लिहून ठेवा. उन्हाशिवाय नुसता वारा काय करतो, ते कळेल. आता त्या खिडकीच्या जागी डोंगर ठेवा आणि रुमालाच्या जागी गवत. लाल बावटा का लावतात, हे मग कोणी सांगायला नको!